आत्यांचा नकार

वृद्धाश्रम तपासणाऱ्या समितीतून मी नाव काढून घेतलं तेव्हा साहेबांनी विचारलं, "सिस्टर, तब्येत बरी नाही का?" माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय! गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. अजूनही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरते, आणि कुणी ती बळकावली तर त्याला उठवतेही. कारण वेगळं होतं. ते साहेबांना चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी तब्येतीवर नेलं. मीही "हो, बीपी वाढतंय," म्हटलं आणि बाहेर पडले.

माझा सगळा जन्म सरकारी दवाखान्यात वॉर्ड सिस्टर म्हणून गेला. रिटायर झाले तेव्हा नवरा आधीच गेलेला, लेक तिच्या संसारात. घरी बसून भिंतींशी किती बोलणार? मग कुणीतरी सुचवलं, जिल्ह्यातल्या लहान लहान वृद्धाश्रमांच्या तपासणीला खात्याबाहेरचं एक माणूस लागतं, तुम्ही या. समिती म्हणजे आम्ही दोघंच. एक हे साहेब, माझ्या लेकीच्या वयाचे, स्वभावाने गरीब, कायम घामेजलेले. दुसरी मी. साहेब कागद बघायचे, मी माणसं बघायचे.

कागदावर काय हो, सगळं छानच असतं. मी आधी उशी हुंगायचे. तिला किती दिवस पाणी लागलेलं नाही ते नाकाला लगेच कळतं. मग टाचा बघायच्या, पाठ बघायची, केस मोकळे करून उवा बघायच्या, मानेवर पुरळ आहे का ते बघायचं. त्यांच्याच माठातलं पाणी प्यायचं. प्रत्येक म्हातारीला चार पावलं चालायला लावायचं, म्हणजे तोल कळतो. आणि शेवटी माझी एक युक्ती होती. ताटलीत मूठभर तांदूळ, त्यात थोडे खडे, आणि "निवडा बघू." नजर, बोटं आणि डोकं, तिन्ही कशी चालताहेत ते त्या ताटलीत दिसतं. वॉर्डात डोळे तपासायच्या तक्त्यापुढे वाचता येत नाही म्हणून ओशाळणाऱ्या बायका मी फार पाहिल्या होत्या. तांदळापुढे कुणी ओशाळत नाही.

आणखी एक हट्ट होता माझा. प्रत्येक माणूस डोळ्यांनी बघायचा म्हणजे बघायचा. "झोपल्यात", "पाव्हण्यांकडं गेल्यात" असलं काही चालायचं नाही. एका ठिकाणी आम्ही चहा पीत होतो आणि मागच्या बंद खोलीतून खोकल्याचा आवाज आला. कुलूप काढायला लावलं तर पोत्यांच्या थप्पीमागे एक आजोबा बसवून ठेवलेले, अंगाला घाण लागलेली, म्हणून तपासणीपुरते आत लपवलेले. त्या दिवशी माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते साहेबांनी अहवालात घेतले नाहीत.

ज्या घराची ही गोष्ट, ते शिर्डीच्या रस्त्यावर राहात्याच्या अलीकडे होतं. दोन्ही बाजूंना लॉज, हॉटेलं, हारफुलांची दुकानं आणि मधेच हा एक जुना बंगला, पुढे पेरूचं झाड. चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा ताईंनी तिचं सगळं निगुतीनं केलं. ते बघून शेजारणीने आपली आई आणून ठेवली, मग कुणी मावशी आणली, कुणी चुलती आणली, आणि घर भरत गेलं. सगळ्या बायकाच.

पहिल्या भेटीत साहेबांनी विचारलं, "जागेचा करार कुठंय?"

"मालक लई भला मानूस हाय, साहेब. तोंडीच चाललंय."

"ताई, तोंडी चालत नाही. जागा पक्की नसेल तर परवानगी राहणार नाही."

"करून घेते," ताई म्हणाल्या. हे "करून घेते" मी पुढे प्रत्येक भेटीत ऐकलं.

तोवर मी उशा हुंगत फिरत होते. उशांना उन्हाचा वास येत होता. टाचांना तेल लागलेलं होतं. अंथरुणावरच्या एका आजींची पाठ बघितली, एक चट्टा नाही. खरं सांगते, मला जरा रागच आला. चाळीस वर्षं चुका काढायची सवय लागलेली बाई मी, आणि इथे काढायला काही सापडेना. शेवटी पाणी जरा कमीच गार आहे असं म्हणून मी बाहेर खुर्चीवर येऊन बसले.

तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन एक आजी बाहेर आल्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगाने काटकुळ्या. इस्त्रीची मोरपंखी साडी, तोंडाला पावडर. ट्रे स्टुलावर ठेवला आणि लगेच डोक्यावरचा पदर गळ्याशी मुठीत घट्ट धरला. मग समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. त्यांना घरात सगळे आत्या म्हणायचे.

"नाव काय, आजी?" साहेबांनी विचारलं.

त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका सगळं एका दमात सांगितलं.

"जेवण वेळेवर मिळतं का?"

"सैपाक समदा येतो," खाली बघतच त्या म्हणाल्या. "भाकरी येती, पुरनाची पोळी येती. शिवान बी येतं."

साहेब हसले. मीही हसले. वाटलं, कानांनी कमी ऐकू येत असेल. मी त्यांना चालायला सांगितलं. त्या हळूच उठल्या, पेरूच्या झाडापर्यंत जाऊन परत आल्या आणि मी बसा म्हणेपर्यंत उभ्याच राहिल्या. तांदळाची ताटली दिली. इतक्या भराभर खडे वेचले की मी चाटच पडले. मग म्हटलं, "मान बघू जरा." त्यांनी पदर आणखी आवळला. "सोडा हो आजी, पुरळबिरळ आहे का एवढंच बघते," असं म्हणून मी वॉर्डातल्या हाताने तो पदर बाजूला केला.

कोड होतं. मानेवरून हनुवटीपर्यंत पसरलेलं पांढरं. असे डाग मी आयुष्यभर बघितले, त्यात काय एवढं? "काही नाही, ठीक आहे," म्हणून मी पदर परत वर घेतला. पण आत्यांनी डोळे गच्च मिटले होते.

निघताना साहेब सवयीने म्हणाले, "बरं तर. कळवतो." आत्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत विझला. जळत्या चुलीवर कुणीतरी तांब्या उपडा करावा तसा. त्या उठल्या, रिकाम्या बशा गोळा केल्या आणि आत गेल्या.

ताई फाटकापर्यंत सोडायला आल्या. "सिस्टर, रागावू नका. आत्याला वाटतंय, तुमी तिला सोयरीक घेऊन आलता."

"काय?"

"लगीन झालेलं न्हाई तिचं. तरनी हुती तवा लई पाव्हणं आलं म्हनं. दर बारीला पोहे करायचं, चालून दावायचं, तांदूळ निवडून दावायचं. मग पाव्हण्यातली कुनीतरी बाई उठायची आन पदर बाजूला सारायची. मग कळवतो म्हनायचं आन जायचं. तिचा बाप बाजारच्या दिवशी त्या गावचं मानूस दिसतंय का म्हनून येशीत जाऊन बसायचा. कुनी हो म्हनलं न्हाई, आन न्हाई म्हनून सांगाय बी कुनी आलं न्हाई. बाप गेला, भाऊ गेला, मग पुतण्यानं हितं आनून सोडली. सकाळी काय खाल्लं त्ये तिच्या ध्यानात न्हाई आता. त्येवढं मातर ध्यानात हाय."

चालायला मी लावलं. तांदूळ मी दिले. पदर मी सारला. त्या मेल्या पाव्हण्यांनी केलेली एक गोष्ट मी सोडली नव्हती. जीपमध्ये बसल्यावर त्या सगळ्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की नगर कधी आलं कळलं नाही. कोड लागत नाही, त्याने काही होत नाही, संसार करायला त्याची काही आडकाठी नाही, एवढं सांगणारं एक माणूस त्या गावात भेटू नये? मलाही बघायला आले होते की. पोरगी रात्रपाळी करते म्हटल्यावर दोघांनी कळवतो म्हणून सांगितलं. तिसऱ्याला मीच म्हटलं, "जे काय असेल ते इथेच सांगा आणि पोहे संपवा." तो हसला आणि हो म्हणाला. पण मला तोंड होतं. आत्यांना कुणी तोंड उघडू दिलं होतं?

चार दिवसांनी ताईंचा फोन. "सिस्टर, आत्या जेवत न्हाई. सकाळधरनं फाटकापाशी उभी ऱ्हाती, निरोप येईल म्हनून. तुमच्या आदी दुसरी तपासणीवाली आलती, तवा बी असंच झालतं. तवा तर सलाईन लावावं लागलं. पुढच्या येळंला तिला आतच ऱ्हाऊ देऊ का?"

"अजिबात नाही!" मी ओरडलेच. पोत्यांमागचे आजोबा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. आज आत्यांना आत ठेवायचं, उद्या आणखी कुणाला. पण फोन ठेवल्यावर मी पुढ्यातलं ताट तसंच झाकून ठेवलं. नीट सांभाळ होतो की नाही ते बघायला आम्ही जात होतो, आणि आमच्या जाण्यानेच ती बाई उपाशी राहत होती. असली कसली तपासणी?

पुढच्या वेळी मी तांदूळ नेले नाहीत, कुणाला चालायला लावलं नाही, साहेबांनी पोहे नको म्हणून सांगितलं. काही उपयोग झाला नाही. साहेबांची जीप फाटकाशी थांबली की आत्या आत जाऊन पावडर लावायच्या. साहेब म्हणजे मुलाचा थोरला भाऊ, आणि मी मुलाची मावशी, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी बाई मला "मावशी, पानी देऊ का?" विचारायची.

मग एकदा जीपमध्येच मी साहेबांना म्हटलं, "आज आपण हो म्हणायचं."

"कशाला हो?"

"आत्यांना. मुलगी पसंत आहे म्हणून सांगायचं."

साहेबांनी घाम पुसला. "सिस्टर, मी शासकीय माणूस. असं खोटं कसं बोलू?"

"रोज ऑफिसात काय खरं बोलता?" मी म्हटलं. "एकदा एका म्हातारीच्या जेवणासाठी बोला."

त्या दिवशी आत्या खुर्चीवर बसल्या त्या मूठ आवळूनच. साहेबांनी नाव विचारलं, गाव विचारलं. मी पुढचं काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "मावशी, मान बघून घ्या. मागनं म्हनाल, दावलं न्हाई." आणि आपल्या हाताने त्यांनी पदर खाली घेतला. डोळे मिटलेले. मी काय करणार? त्या पांढऱ्या मानेवरून हात फिरवला. म्हटलं, "बघितली हो. छान आहे मान."

साहेब उठून उभे राहिले. घसा खाकरला. मला वाटलं, आता हा बाबा कच खातो. पण त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आम्हाला मुलगी पसंत आहे. कळवतो बिळवतो काही नाही. आत्ताच सांगून जातो."

आत्यांनी मान वर केली. इतक्या भेटींत त्यांचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा धड पाहिले. घारे होते. उठून साहेबांच्या पायाला हात लावायला वाकल्या तर साहेब दोन पावलं मागे सरून पेरूच्या झाडावर आपटले. ताईंनी साखरेचा डबा आणला आणि सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. आतून बाकीच्या बायका आल्या, कुणी काठी टेकत, कुणी भिंत धरत. एकीने लग्नाच्या गाण्याचा सूर लावला. मी रडले. त्या वयात आणि त्या हुद्द्यावर भर अंगणात नाक ओढत रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नंतरचे दिवस फार चांगले गेले. ताई फोनवर सांगायच्या, आत्या पोटभर जेवतात, रात्री झोपतात. बायका त्यांना नवरी म्हणून चिडवतात, त्याही लटकं रागावतात. मी खूश. दिसेल त्याला सांगत सुटले. साहेबसुद्धा ऑफिसात जरा ताठ चालायला लागले.

मग एका दुपारी मी एकटीच एसटीने गेले. कामाने नाही, आपली सहज. आत्यांनी माझा हात धरला आणि मला घरामागे पाण्याच्या टाकीपाशी नेलं. इकडेतिकडे बघितलं.

"मावशी, रागावू नगा. त्या लोकास्नी सांगा, पोरगी न्हाई म्हनती."

"का हो? काय झालं?"

"ताई एकलीच हाय. समद्यांच्या डोस्क्याला त्याल कोन लावील? आन ती माज्या पल्याडच्या खाटंवरली, तिला राती पानी लागतं. ती माज्याबिगर कुनाला हाक मारत न्हाई." त्यांनी टाकीचा टपकणारा नळ घट्ट केला. "मला हितं बरं वाटतं. मला न्हाई जायचं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला. "पन आजच कळवा, मावशी. असं लोंबकळत नगं ठेवाय त्यांला. त्यांचं बी मानूस फाटकात उभं ऱ्हात आसंल."

जन्मभर ज्यांना कुणी साधा नकारही कळवला नाही, त्या बाईला समोरच्याला वाट बघायला लावायचं नव्हतं. "आजच कळवते," मी म्हटलं. "शब्द देते."

साहेबांना सांगितलं तेव्हा आधी ते हसले. "बघा, मला नकार आला." मग अहवालाचा कागद पुढे ओढून म्हणाले, "सिस्टर, हे अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचं?" एखादं घर चांगलं चाललंय, याचा याहून मोठा दाखला मला सगळ्या तपासण्यांत मिळाला नव्हता. त्याला रकाना नव्हता.

त्यानंतरच्या भेटीत आत्या पावडर न लावता बाहेर आल्या. पदर खांद्यावर सैल, मान उघडी. आमच्याच रांगेत खुर्ची ओढून बसल्या आणि पोह्यांची बशी हातात घेऊन खाऊ लागल्या.

"कळवलं न्हवं?" मला हळूच विचारलं.

"कळवलं."

"वाईट वाटलं आसंल."

"थोडं वाटलं."

"चांगली मानसं हुती," आत्या म्हणाल्या आणि पोह्यातला शेंगदाणा शोधून तोंडात टाकला.

हे असंच चालायला हवं होतं. पण त्याच उन्हाळ्यात बंगल्याचे मालक वारले. मुलांना तिथे लॉज बांधायचं होतं. त्यांना तरी काय बोलणार, त्या रस्त्याला प्रत्येकजण तेच करत होता. ताईंचं "करून घेते" तोंडातच राहिलं. तोंडी शब्द देणारा माणूसच गेला होता. ताईंनी राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर सगळं पालथं घातलं. मी नगरमध्ये सावेडीपासून केडगावपर्यंत जागा शोधल्या. म्हाताऱ्या बायका ठेवायच्यात म्हटलं की घरमालक मान हलवायचा. एकजण तर सरळ म्हणाला, "तुमच्या इथं सारखी मयतं होणार, मग आमचं घर पुढं कोण घेणार?" मी त्याला म्हटलं, "तू काय अमरपट्टा घेऊन आलायस?" त्याने दार लावून घेतलं. जागा काही मिळाली नाही.

आत्यांना तरी माझ्या घरी न्यावं म्हणून मी त्यांच्या पुतण्याला फोन केला. एका बाईला एक खोली मी सहज देऊ शकत होते. तो म्हणाला, "परक्याच्या घरी ठेवली तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. संस्थेत असली म्हणजे कुणी काही म्हणत नाही." मी विनवण्या केल्या, मग भांडले, मग परत विनवण्या केल्या. त्याने संमती दिली नाही. रक्ताचा तो होता. मी कोण? मावशी, तीही खोट्या मुलाची.

शेवटचा अहवाल साहेबांनी माझ्यासमोर लिहिला. स्वच्छता उत्तम. आहार उत्तम. वागणूक उत्तम. जागा उपलब्ध नाही, सबब राहणाऱ्यांना अन्यत्र हलवावे. पेन माझ्याकडे दिलं. जागाच नव्हती, तर मी सही न करून काय होणार होतं? मी सही केली.

हलवायच्या दिवशी काहींचे नातेवाईक गाड्या घेऊन आले. उरलेल्यांसाठी श्रीरामपूरच्या पलीकडच्या एका मोठ्या संस्थेची गाडी आली होती. ताबा द्यायला साहेब हजर होते. ताई सकाळपासून एकेकीचे केस विंचरत होत्या, तेल लावत होत्या, पुढचीला बसवत होत्या. प्रत्येकीची त्यांनी ओटी भरली, माहेराहून निघालेल्या लेकीची भरतात तशी. विधवा, सवाष्ण, बिनलग्नाची, काही बघितलं नाही. बायका रडत होत्या. आत्यांच्या पलीकडच्या खाटेवरच्या आजींना त्यांची लेक घेऊन चालली होती, त्या गाडीतून आत्यांना हाका मारत गेल्या.

आत्या ओटीतले तांदूळ सावरत अंगणात उभ्या होत्या. त्यांनी साहेबांकडे बघितलं. फाटकातल्या गाडीकडे बघितलं. आपल्या बोचक्याकडे, रडणाऱ्या ताईंकडे बघितलं. आणि मला दिसलं, त्यांना काय समजायचं ते समजलं. किती दिवसांनी त्यांनी पदर डोक्यावरून ओढून गळ्याशी मुठीत धरला. माझ्याजवळ आल्या.

"मावशी, तुमी नकार कळवला न्हाई व्हय?"

"कळवला होता हो, आत्या," मी म्हटलं. "तुमच्या गळ्याची शपथ, त्याच दिवशी कळवला होता."

"मग?"

साहेब पाठ फिरवून पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभे होते. मी आत्यांचा हात धरून नुसती रडत राहिले. थोडा वेळ त्यांनी वाट बघितली. मग दुसऱ्या हाताने माझं तोंड पुसलं, आणि ताईंना ऐकू जाऊ नये अशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पोरीला कोन इचारतंय."

त्या आपणहून गाडीत चढल्या. खिडकीजवळ बसल्या. गाडी सुरू झाली तरी त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मी फाटकात उभी होते आणि गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मला त्या दिसत होत्या. मान खाली घालून, ओटीतले तांदूळ पुढ्यात घेऊन त्या एकेक खडा वेचत होत्या.